किड्याचं बारसं

"नाव ठरलं, अन् मले कोणी विचारलंबी नाही?"

लाखांदूरहून एसटीत बसल्यापासून तोंडात धरून आणलेलं हे वाक्य सुलोचनाबाईंनी करडीला भावाच्या ओसरीवर पाय ठेवताच टाकलं. चपला काढायच्याही राहिल्या.

बाबूलाल उठून उभा राहिला. चूक त्याचीच होती. 'आपल्या अपेक्षाच्या नव्या किड्याचं नाव ठरलं' असं त्यानं काल घरच्या ग्रुपवर टाकलं होतं, वर पेढ्यांचं चित्र. त्या घरात जन्मलेल्या एकूण एक लेकराचं नाव आत्या या नात्यानं सुलोचनाबाईंनी ठेवलेलं. कोणत्या बारशाला आपल्याला उशिरा बोलावलं, हे त्यांना लेकरांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं ठाऊक असे.

"बाई, किडा आहे तो. समुद्रातला. नखाएवढाही नाही."

"असू दे. पोरीचा पयला हाय ना?"

पोरगी, म्हणजे अपेक्षा, तिथंच लॅपटॉप घेऊन बसली होती. कोकणातल्या कॉलेजात राहून तिनं खाडीचा चिखल चाळला, त्यात हा किडा सापडला. अंगाच्या दोन्ही बाजूंना ताठ केस. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक केस पाहून, त्याचं चित्र काढून, हा आजवर कोणी नोंदवलेलाच नाही हे तिनं दाखवून दिलं. आता ते छापून यायचं होतं. एकदा छापलं की नाव कायमचं.

"मंग काय ठेवलं?"

"कामिनी."

"चांगलं हाय. कोण कामिनी?"

"आमच्या सरांच्या मिसेस."

सुलोचनाबाई खाली बसल्या. "तिले सापडला का?"

"नाही."

"चिखलात उतरली होती?"

"नाही, आत्याबाई. एकदा आम्हाले पोहे खाऊ घातले होते."

"मंग पोह्याले द्याचं होतं तिचं नाव!"

अपेक्षाला हसू आलं नाही. तिनं ठेवलेलं नाव वेगळंच होतं, ते तिनं आता आत्याबाईंना सांगितलं. किड्याचा केस सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा मोठा होऊन दिसला तेव्हा तिला धानाचं कुसळ आठवलं. तसंच टोक, तसेच बारीक दाते. म्हणून तिनं 'कुसळ' लिहिलं. सरांनी ते गावठी म्हणून खोडलं, तिथं बायकोचं नाव घातलं आणि 'आज संध्याकाळपर्यंत छापायला पाठवून दे' असा निरोप धाडला.

चहा घेऊन आलेल्या कुंताबाईंनी लेकीकडे पाहिलं, मग नणंदेकडे. "होऊ द्या ना, बाई. पीएचडीच्या कागदावर त्याच सरची सही लागते. अन् खरं सांगू काय? हा मान तुमचा नाहीच. पोरीच्या लेकराचं नाव पोरीची नणंद ठेवते. बापाकडची आत्या."

भावजय बरोबर बोलली होती, हीच तर पंचाईत. बाबूलाल कपात पाहू लागला. सुलोचनाबाईंनी डावा डोळा बारीक करून साऱ्या नात्याचा हिशेब पुन्हा मांडला.

"अपेक्षा, या किड्याचा बाप कोण?"

"सर म्हणतात, तेच. जिकडंतिकडं 'माझा किडा' म्हणून सांगून राहिले."

"लाव त्याले फोन."

अपेक्षानं आईकडे पाहिलं. मग फोन लावला आणि आवाज मोठा करून खाटेवर ठेवला.

"बोल अपेक्षा. पाठवलंस ना?"

"मी तिची आत्या बोलतो, लाखांदूरवाली. सर, तुम्हाले बहीण हाय काय?"

"बहीण? नाही. का बरं?"

"किडा तुमचा म्हणता, तं नाव तुमच्या बहिणीनं ठेवाले पाह्यजे. ज्या पोरीनं चिखलात हात घातले तिले इचारलं नाही, अन् सरळ आपल्या बायकोचंच नाव देता? लेकराले आपल्या बायकोचं नाव देनारा बाप पाह्यला नाही मी!"

"हे पाहा बाई, हा विज्ञानाचा विषय आहे..."

"असंल. बहीण नाही ना तुम्हाले? मंग आजपासून मी. राखीले या, जेवून जा. अन् आत्या म्हणून नाव मी ठेवलं. कुसळ!"

"अपेक्षाला फोन द्या. तिला म्हणावं, सही अजून व्हायची आहे."

फोन अपेक्षानंच उचलला. "सर, कुसळच," ती म्हणाली. तिनं फोन ठेवला, लॅपटॉप जवळ ओढला, 'कामिनी' पुसलं, 'कुसळ' लिहिलं आणि पाठवून दिलं.

"सही अडली तं?" कुंताबाईंनी हळूच विचारलं.

"अडू दे, आई."

फोन पुन्हा वाजू लागला. अपेक्षाचा हात पुढं गेला. त्याआधीच सुलोचनाबाईंनी फोन पालथा घातला.

"वाजू दे. पाळण्यापाशी बाप्याचं काय काम?"