बावन्न श्वास

"बावन्न!" सुतार पुटपुटला.

आठवड्याच्या लेकीचं पोट भराभर वरखाली होत होतं. मध्येच ते थबकायचं. तेवढ्यात त्याचा जीव टांगणीला लागायचा. मग पुन्हा तीच घाई. पहिलं मूल असंच पाळण्यात हातचं गेलं होतं. आता ही.

"हिला काहीतरी होतंय."

पलंगावर उशांना टेकलेली बायको म्हणाली, "झोपलीय ती. तुम्ही उगीच..." पुढचं वाक्य तिने सोडून दिलं. बाळंतिणीचा शीण, वर जागरणं. कालपासून ती बोलतानाही दमत होती.

त्याने प्रसूतिगृहात फोन लावला. बाळंतपण केलेल्या नर्सबाईंनीच तो उचलला.

"दूध पिते? ओठ निळे पडलेत? श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात?"

"पिते. बाकी काही नाही. पण मिनिटाला बावन्न श्वास, बाई!"

"मग काळजी नको. एवढ्याशा बाळाचे साठपर्यंत असतात. मध्ये क्षणभर थांबतातही. तिला मोठ्यांचं माप लावू नका. आपले बारा ते वीस."

सुताराच्या जिवात जीव आला. तो हसलासुद्धा. "म्हणजे माझंच मोजणं चुकतंय म्हणायचं. मी घरातल्या सगळ्यांचे मोजले. माझे अठरा भरले आणि हिच्या आईचे चौतीस!"



"आईचे किती म्हणालात?"

"चौतीस."

"ती कामात होती?"

"छे, बसूनच आहे. आडवं झालं की गुदमरतं म्हणते."

"बाळ ठणठणीत आहे," नर्सबाईंचा आवाज एकदम बदलला. "आईला घेऊन मोठ्या हॉस्पिटलात निघा. मी गाडी पाठवते. तिला चालवू नका."

त्याने वळून पाहिलं. बायकोचे ओठ कोरड्या मातीसारखे दिसत होते. इतका वेळ तो पाळण्यातच पाहत होता.

हॉस्पिटलात दार बंद झालं. लेकीला छातीशी धरून तो भिंतीला टेकून उभा राहिला. दिवस कलला तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"फुप्फुसात रक्ताची गुठळी होती. उद्यापर्यंत थांबला असतात तर हाती काही लागलं नसतं. आता धोका टळलाय. पण हे लक्षात कुणाच्या आलं?"

सुताराने कुशीतल्या लेकीकडे बोट दाखवलं.