हळदीच्या गाण्याची पुढची चाल

"काका, या अँपमध्ये खरंच ट्यूबलाइट असते का?" असं विचारायची पैज सोनलनं आणि बाकीच्या मैत्रिणींनी लावली होती. गिटारचा आवाज मोठा करणारा अँप घ्यायला आम्ही बारामतीच्या वाद्यांच्या दुकानात आलो होतो, आणि मी आई-तात्या, सोनल सगळ्यांसमोर बिनधास्त विचारलं पण!

दुकानदार हसले. "असत्यात की, पण बारक्या. काचेच्या नळ्या. तापल्या की आवाज गोड होतो. साधा अँप आणि हा, दोन्ही वाजवून बघ."

इलेक्ट्रिक गिटार हातात घेऊन मला महिनाच झाला होता. हळदीच्या गाण्याची अर्धीच चाल येत होती, तीच वाजवली. साध्या अँपवर पत्रा बडवल्यासारखी वाजली. सोनल तोंड दाबून हसली.

नळ्यांच्या अँपवर मात्र तीच चाल सायीसारखी मऊ निघाली. अर्धी संपली, तशी मी थांबले.

आवाज थांबला नाही. मला न येणारी पुढची चाल अँपमधून सावकाश वाजत राहिली.

मी घाईघाईनं बोटं परत तारांवर टेकवली आणि नुसतीच हलवायला लागले.

"हे पुढचं कवा शिकलीस गं?" तात्यांनी डोळे पुसत विचारलं.

"परवाच." माझे कान लाजेनं तापले. सोनल टाळ्या वाजवत होती. आईनं माझी दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडली.

चाल संपली आणि पहिल्यापासून सुरू झाली. बोटं भरून आली, पण थांबले असते तर सगळ्यांना कळलं असतं.

"आई, तात्या," मी मान वर न करता म्हणाले, "हाच न्यायचा घरी. आत्ताच. चालू आहे तसाच."