मागच्या खोलीची जाळी

मेकॅनिकने घर तापवणाऱ्या मशीनच्या बाहेरच्या युनिटचं झाकण परत लावलं, हात पँटला पुसले आणि आत येऊन म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे."

"ठणठणीत?" जावयाचा आवाज चढला. "मग वीज काय भुतं खातात?" आणि असं म्हणताना त्याने दाराशी बसलेल्या सासूकडे बघितलं. बघायची काही गरज नव्हती, पण महिनाभरात त्याच्या मानेला तेवढंच वळण लागलं होतं.

सासू म्हणजे लेकीची आई; ती कोट घालून, बॅग पायाशी घेऊन खुर्चीत बसली होती. तिला न्यायला तिचा मुलगा गाडी घेऊन निघाला होता. सासूबाई आल्या आणि बिल दुप्पट झालं, त्यांना थंडी सोसत नाही, त्या गुपचूप हीटिंग वाढवतात, असं जावयाचं म्हणणं. पुरावा विचाराल तर शून्य. पण रोज जेवताना तेच तेच कानावर पडलं की माणसाला खरं वाटायला लागतं. लेकीलाही वाटायला लागलं. आईला घेऊन जा म्हणून भावाला फोन तिनेच केला होता.

"हे रात्री कसं असतं?" मेकॅनिकने भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे बोट दाखवलं. "चालू की बंद?"

"बंद," जावई छाती पुढे काढून म्हणाला. "रोज झोपताना मी स्वतः बंद करतो. बाहेर जाताना बंद. सकाळी उठलो की फुल. मी आहे म्हणून, नाहीतर या घरात कुणाला पडलेली नाही."

मेकॅनिकला हसू आवरेना. चांगला पोट धरून हसला, वर माफीही मागितली नाही.

"अहो साहेब, हा हीट पंप आहे, दिवा नव्हे. हा हळूहळू चालत राहिला तरच स्वस्तात पडतो. तुम्ही रात्रभर घराचा बर्फ करता आणि सकाळी म्हणता, आण लगेच ऊब. त्याला एकट्याला ते झेपत नाही, मग आतली हीटरची कॉइल पेटते. वीज खाते ती तीच. एका आकड्यावर ठेवा आणि हात लावू नका. वाचवता कसले, तुम्हीच जाळताय."

लेकीच्या डोक्यात तिडीक गेली.

"ऐकलंस ना?" ती नवऱ्याला म्हणाली. "का परत म्हणायला सांगू त्यांना?"

"असं असतं तर मॅन्युअलमध्ये लिहिलं असतं."

"मॅन्युअल गेलं खड्ड्यात. महिनाभर कुणाच्या नावाने खडे फोडत होतास तू?"

"भांडण नंतर करा," मेकॅनिक म्हणाला. "हवाही कुठेतरी अडलीय. पंख्याला धाप लागलीय नुसती. खोल्यांत गरम हवा येते त्या जाळ्या मला बघू द्या."

तो मागच्या खोलीत गेला. पाठोपाठ हे दोघं. आत पाऊल टाकताच लेकीच्या अंगावर शहारा आला. आईची गादी नीट गुंडाळून ठेवलेली होती. मेकॅनिक गुडघ्यांवर बसला, जमिनीलगतच्या जाळीचे स्क्रू काढले आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बाहेर आला तो घट्ट कोंबलेला टॉवेल. लेकीचा जुना निळा टॉवेल.

"हे कुणाचं डोकं? झोपतं कोण इथे?"

"आई," लेक म्हणाली.

जावई घसा साफ करत होता. "मागची खोली उगाच कशाला तापवायची? एका माणसासाठी? आणि त्यांना रजई दिली होती की."

लेकीला आठवलं. आल्या आल्या आई एकदा म्हणाली होती, मागे जरा गारच वाटतं गं. तेव्हा ती कामात होती. तुला सगळीकडेच गार वाटतं, दोन स्वेटर घाल, म्हणाली होती. आईने दोन घातले. पुन्हा म्हणून शब्द काढला नाही.

तिने तो टॉवेल उचलला आणि नवऱ्याच्या तोंडावर फेकला.

"माझ्या आईला फ्रीजमध्ये झोपवलंस. आणि वर तिलाच चोर ठरवलंस."

"आवाज खाली घे. बाहेरचा माणूस आहे."

"असू दे. त्यालाही कळू दे कसल्या घरात आलाय ते. जनाची नाही तर मनाची तरी ठेवायचीस."

बाहेरच्या माणसाने खाली मान घालून जाळी बसवली, पेटी उचलली आणि पैशांचं नंतर बघू म्हणत काढता पाय घेतला. जाळीतून ऊन हवा यायला लागली होती.

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. जावयाला हायसं वाटलं आणि ते त्याला लपवताही आलं नाही. तो लगबगीने दाराशी गेला, सासूची बॅग उचलली. "आता आलाच आहे तो, तर जाऊन या चार दिवस. मग बघू."

लेकीने बॅग त्याच्या हातातून हिसकावून घेतली. "आई कुठेही जाणार नाही. तुला जायचं असेल तर तू जा."

ती आईच्या पुढ्यात खाली बसली. आईचे हात हातात घेतले. ते अजून गारच होते. राग कुठे ठेवावा तिला कळेना, तो आईवरच निघाला.

"तू पण ना, आई. एवढी कुडकुडत राहिलीस, मला एक हाक मारता आली नाही? आत बोळा कोंबलाय हे दिसलं नाही तुला?"

"दिसलं की. आले त्याच आठवड्यात दिसलं," आई म्हणाली. उठायला तिने खुर्चीचा हात धरला. "टॉवेल तुझा होता. मला वाटलं, तूच घातलास."