दिवस मावळायच्या आत

शहाण्णवच्या हिवाळ्यात कराडहून आष्ट्याला परतताना जयपालशेठच्या गाडीत इंजिनाचा लाल दिवा पेटला. दिवस कलला होता. मावळायच्या आत घरी जेवायचं, हा त्यांचा नेम. बायको भाग्यश्री वाट बघत असणार. ते तसेच वाटेतल्या गॅरेजात शिरले.

जालिंदर मिस्त्रीनं ऑइल पाहिलं, वायरी पाहिल्या. सगळं ठीक होतं. मग त्यानं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. इंजिनाचं दुखणं तो असंच ऐकायचा.

"शेठ, गाडी बंद करा की."

"बंदच हाय." शेठनी हातातली चावी दाखवली.

दिवा मात्र अजून जळत होता.

जालिंदरचा चेहरा उतरला. "आवं शेठ, आत कोन तरी जेवतंय."

"काय बडबडतोस? आन हिकडं!"

शेठनी स्वतः कान लावला. ताटात वाटी सरकली. मग भाग्यश्रीचा आवाज आला, "आवं, अर्धी भाकरी वाढू का?"

"बास," कुणीतरी म्हणालं. आवाज शेठचाच होता. "आता भाईरनं कुनी हाक मारली, तर दार उघडू नगंस."