केंद्र बदलून मिळेल का?

स्वरांगीचा लीव्हिंग सर्टचा, म्हणजे इथल्या आयर्लंडच्या बारावीचा, फॉर्म नास गावच्या शाळेतून भरून झाला आणि महिन्याभरात तिच्या आईची, डॉक्टर चित्राची, बदली डंडॉकला झाली. केंद्र त्या जुन्या शाळेतच, मग ऐन परीक्षेत पोरीने रोज तीन तास गाडीत काढायचे? छे! केंद्र बदलून मिळावं म्हणून चित्राने परीक्षा मंडळाला फोनवर फोन केले, पुण्याच्या सवयीने सही-शिक्क्याच्या प्रती जोडून अर्ज पाठवले. दर वेळी तिकडून एकच, "ग्रँड, काळजी नको, होऊन जाईल." आणि होत काहीच नव्हतं.

मे उजाडला, जूनची परीक्षा तोंडावर आली, तेव्हा मात्र तिने फोनवरच्या बाईंना फैलावर घेतलं. "अहो, नक्की अडतंय कुठे?"

बाई चाचरत म्हणाल्या, "तुमचा फोन झाला, की दुसऱ्या दिवशी तुमच्या मुलीचा येतो. केंद्र बदलू नका म्हणून."

चित्रा तणतणत स्वरांगीच्या खोलीत शिरली. "चार महिने जिवाचं रान करतेय मी! का केलंस असं?"

एरवी इंग्रजीतच उत्तर देणारी स्वरांगी या वेळी मराठीत बोलली.



"आई, तुझ्या बदल्यांपायी पाच शाळा सोडल्या मी. एकीचा तरी निरोप नीट घेऊ दे."