बोंबलांसाठी वायफाय

वर्सोव्याच्या त्या मोठ्या घरात खालचं वायफाय वर पोचत नव्हतं, म्हणून दुकानदाराने मजल्यागणिक ठेवायचे मेशचे डबे दाखवले.

"पप्पा, दोन बस झाले," कृणाल म्हणाला.

"तीन घे."

"सगळ्यात वर तर सुके बोंबील ठेवलेत. त्यांना कशाला वायफाय?"

मंजुळाला हसू आलं, पण नवऱ्याकडे, चंदूकडे बघून तिने ते आवरलं. वरची ती खोली त्यांच्या मुलीची, पूर्वीची होती. तिने स्वतःच्या मनाने लग्न केल्यापासून तिचं नाव काढलं, की चंदू ताटावरून उठायचा.

"बोंबील आजच खाली आण," चंदू म्हणाला. मग हळूच मंजुळाकडे वळला. "पूर्वीला फोन लाव. म्हणावं, राहायला ये. जावयांनाही घरून काम करता येईल."