भिंतीवरचे पंचवीस हजार

"पाचशे," शिनगारे साहेब म्हणाले. संगणकावरून त्यांनी नजर हलवली नाही. "तुमच्या खात्याला पाचशे रुपयांची मर्यादा आहे, ताई."

काचेपलीकडं ज्योत्स्ना उभी होती. तिला चार हजार दोनशे पाहिजे होते. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाचा परीक्षेचा फॉर्म आज पाचपर्यंत भरायचा होता. नाही भरला तर वर्ष गेलं. आणि एकदा वर्ष गेलं की मुलगी पुन्हा जालन्याला शिकायला येत नाही, हे तिनं गावाकडं, तीर्थपुरीत, दोघीतिघींच्या बाबतीत पाहिलं होतं.

"पण पंचवीस हजार लिहून ठिवलंय ना, साहेब," ती म्हणाली.

लिहिलं होतं खरं. साहेबांच्या डोक्यावरच भिंतभर पोस्टर होतं. निळा ब्लेझर घातलेली, गोबऱ्या गालांची एक मुलगी पुठ्ठ्याचा भलामोठा चेक धरून हसत होती. 'विद्यार्थी खातं. शिल्लक नसली तरी पंचवीस हजारांपर्यंत काढा.' ब्लेझर तिला खांद्यात सैल होता, बाह्या आत दुमडलेल्या दिसत होत्या. पंचवीस हजारांच्या शेजारी एक चांदणी छापली होती. चांदणीचा अर्थ पोस्टरच्या तळाशी होता, मुंगीला वाचता येईल एवढ्या अक्षरांत.

"लिहिणं जाहिरातवाल्यांचं काम," साहेब म्हणाले. "मर्यादा संगणक ठरवतो. खात्यात महिन्याला सरासरी किती शिल्लक राहते, त्यावर."

म्हणजे ज्याच्याकडं पैसे असतात, त्यालाच ते नसल्यावर मिळतात. बँकेनं हा विचार बराच खोलात जाऊन केला असावा.

"पैसे असते तर कशाला आले असते मी," ज्योत्स्ना म्हणाली. "दोन वर्षं झाले, आज मिळतील, उद्या मिळतील म्हणून वाट पाहून राह्यले."

रांगेत मागं कुलर दुरुस्तीवाले ख्वाजामियाँ उभे होते. "बेटी, दाखवायचे दात अलग, खायचे अलग," ते म्हणाले आणि आपल्याच बोलण्यावर हसले.

ज्योत्स्नाला हसू आलं नाही. रडूही आलं नाही. सकाळपासून आत काही हलतच नव्हतं. याचीच तिला थोडी भीती वाटली. दोन महिन्यांपासून ती मेसमध्ये एकाच वेळचं जेवत होती, त्यानंही असेल.

तिची आई सत्यशीला गावातल्या शाळेत खिचडी शिजवायची. तीन महिन्यांचं मानधन अडकलं होतं, तरी काल फोनवर ती बिनघोर होती. "बँक हाय ना तुही, मंग कशाला घोर करती?" म्हणाली. बँकेनं या पोस्टरचंच छोटं पत्रक वाटलं होतं. आईनं ते दोन वर्षांपासून बाबासाहेबांच्या तसबिरीच्या चौकटीत खोचून ठेवलं होतं. आल्यागेल्याला काढून दाखवायची.

वर्गातल्या अफ्रीननं हे पोस्टर पाहूनच खातं काढलं होतं. तिलाही पाचशेच मिळाले. तेव्हापासून अफ्रीन ज्योत्स्नाशी बोलत नव्हती. ज्योत्स्नाही तिला काही विचारायला गेली नव्हती.

"त्या पोरीला मिळाले का, साहेब?" ज्योत्स्नानं पोस्टरकडं पाहत विचारलं.

"मिळाले म्हणून तर लावलंय."

"तुम्ही दिले?"

"मी तीन महिन्यांपूर्वी बदलून आलोय. आधीच्या साहेबांनी दिले असतील. तिच्या हातात चेक आहे ना?"

"हाय."

"मग?"

"तिनं कसं केलं असंल?"

"खातं नीट ठेवलं असेल. शिस्तीत. शिका काही तिच्याकडून."

"बरं," ज्योत्स्ना म्हणाली.

साहेबांनी तिचं पासबुक उघडलं. पहिल्याच ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "हे सुरुवातीचे दोनशे शाखेनं जमा केलेत. ते कशाचे?"

"आमच्या कॉलेजात कॅम्प लागल्ता तुमचा. तवा दिल्ते."

"सगळ्यांना?"

"न्हाई. मला."

"असं काही आम्ही देत नसतो," साहेब पुटपुटले आणि पान उलटलं. पुढं सगळी कपातच होती. कार्डाची, मेसेजची, कपातीवरच्या कराची.

"पाचशे तरी द्या मंग," ज्योत्स्ना म्हणाली. तेवढे भरून कॉलेजच्या मॅडमकडं दोन दिवसांची सवलत मागता आली असती.

साहेबांनी पुन्हा बटणं दाबली. "तेही आज निघायचे नाहीत. खात्याची केवायसी संपलीय. ओळखीचे कागद नव्यानं द्यावे लागतील. आधारची झेरॉक्स आणि एक फोटो."

झेरॉक्स तिच्याजवळ होती. ती तिनं काचेखालून सरकवली.

"फोटो?"

"न्हाई आणला."

"समोर स्टुडिओ आहे. ऐंशी रुपयांत आठ काढून देतो."

तिच्या पर्समध्ये साठ रुपये होते. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मागं ख्वाजामियाँ पासबुकानं वारा घेत होते.

"फोटो हाय तुमच्याकडं," ज्योत्स्ना म्हणाली.

"फॉर्मवरचा जुना चालत नाही, ताई. चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे."

"स्पष्ट हाय. मोठा हाय."

शिनगारे साहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "कुठंय?"

तिनं त्यांच्या डोक्यावर बोट दाखवलं.

"ब्लेझर तुमच्या बँकेतल्या मॅडमचा हाय," ती म्हणाली. "बाकी मीच हाय."